जन्मखूण आणि संघ : ‘टीन टायटन्स’मधील ट्रायगॉन-कथेचा चिकित्सक विचार

प्रस्तावना

अमेरिकन महानायक-चित्रकथांकडे पाहण्याचा आपल्याकडील अभ्यासकांचा दृष्टिकोन दीर्घकाळ उपेक्षेचा राहिला आहे. बालवाचकांचे रंजन, व्यापारी उत्पादन आणि सुष्ट-दुष्टांचा ठोकळेबाज संघर्ष अशा तीन शिक्क्यांखाली हे वाङ्मय बाजूला सारले जाते. या शिक्क्यांत तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. तथापि, या साहित्यप्रकारातील काही कथांमध्ये गंभीर नैतिक प्रश्न मांडले गेले आहेत आणि ते त्या प्रकाराच्या संकेतांच्या चौकटीतच मांडले गेले आहेत, ही बाब दुर्लक्षून चालणार नाही. डीसी कॉमिक्स या प्रकाशनसंस्थेच्या ‘टीन टायटन्स’ या किशोरवयीन महानायकांच्या संघाची आणि ट्रायगॉन या अतिमानवी खलपुरुषाची कथा या दृष्टीने विचारात घेण्याजोगी आहे.

सामान्यतः महानायकांच्या संघकथेचा आराखडा ठरलेला असतो. एकट्या नायकाला न पेलणारे संकट उद्भवते, निरनिराळ्या शक्तींचे नायक एकत्र येतात, त्या शक्तींची बेरीज होते आणि खलनायकाचा पराभव होतो. ट्रायगॉनच्या कथेत हा आराखडा मोडतो. येथे खलनायक संघातील एका सदस्येचा, रेव्हनचा, जन्मदाता पिता आहे. शत्रू केवळ बाहेर उभा नाही. त्याचे रक्त संघाच्या आत वाहते आहे. त्यामुळे ‘शत्रूला कसे हरवावे’ या प्रश्नाच्या जोडीला ‘शत्रूच्या कन्येचे आपण काय करावे’ हा दुसरा प्रश्न उभा राहतो. दुसरा प्रश्न हाच या कथेचा खरा गाभा आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. त्यासाठी १९८०–८१ आणि १९८४ मधील चित्रकथा, तसेच २००३ ते २००६ या काळातील सचेतपट-मालिका या तीन रूपांचा तौलनिक विचार येथे केला आहे.

संहितांची पार्श्वभूमी

किशोरवयीन साहाय्यक नायकांना एकत्र आणण्याची कल्पना डीसी कॉमिक्सने १९६४ मध्ये प्रथम वापरली. त्या संघाला पुढे ‘टीन टायटन्स’ हे नाव मिळाले. मात्र या संघाला खरी प्रतिष्ठा लाभली ती १९८० मध्ये लेखक मार्व्ह वुल्फमन आणि चित्रकार जॉर्ज पेरेझ (१९५४–२०२२) यांनी केलेल्या पुनर्रचनेमुळे. रॉबिन, वंडर गर्ल, किड फ्लॅश आणि चेंजलिंग या जुन्या पात्रांना त्यांनी सायबॉर्ग, स्टारफायर आणि रेव्हन या तीन नव्या पात्रांची जोड दिली. नव्या पात्रांत एक समान सूत्र दिसते. सायबॉर्ग हा अपघातानंतर पित्याने यंत्रावयव बसविलेला तरुण आहे. स्टारफायर ही राज्यरक्षणासाठी पित्याने शत्रूच्या हवाली केलेली राजकन्या आहे. रेव्हन ही दानवाची मुलगी आहे. पित्याच्या कृतीचा भार अपत्याने वाहणे, हे सूत्र या संघाच्या रचनेतच अशा रीतीने गुंफलेले आहे.

रेव्हनची जन्मकथा पुढे १९८२ मध्ये सविस्तर आली. गॉथम शहरातील एक एकाकी तरुणी एका अघोरी पंथाच्या नादी लागते. तिच्यासमोर ट्रायगॉन देखण्या पुरुषाच्या रूपात प्रकट होतो आणि त्याचे खरे रूप तिला उशिरा कळते. गर्भवती आणि निराधार झालेल्या या स्त्रीला अझारथ या पारलौकिक नगरीत आश्रय मिळतो व तेथे ती अरेला या नावाने ओळखली जाते. अझारथचे रहिवासी अहिंसाव्रती आहेत. तेथे रेव्हनचे संगोपन होते आणि भावनांवर संयम ठेवण्याचे शिक्षण तिला दिले जाते. कारण तीव्र भावना हा ट्रायगॉनला तिच्यात शिरण्याचा मार्ग आहे. तिची शक्तीही विलक्षण आहे. दुसऱ्याच्या वेदना तिला जाणवतात आणि त्या स्वतःवर घेऊन ती त्याला बरे करू शकते. म्हणजे भावना जाणणे हे जिचे सामर्थ्य, तिलाच भावना बाळगण्याची मनाई आहे. व्यक्तिरेखेतील हा अंतर्विरोध पुढील सर्व कथांना पुरून उरला आहे.

नाकारलेली याचना

ट्रायगॉनच्या आक्रमणाची चाहूल लागताच रेव्हन प्रथम जस्टिस लीगकडे जाते. सुपरमॅन, बॅटमॅन यांसारख्या ज्येष्ठ नायकांचा हा संघ म्हणजे त्या कथाविश्वातील सर्वोच्च संरक्षक संस्था होय. परंतु संघातील जादूगार झटाना हिला रेव्हनच्या ठायी दानवी अंश जाणवतो आणि तिची याचना फेटाळली जाते. हा प्रसंग कथानकाच्या दृष्टीने एक साधी अडचण वाटतो. आशयाच्या दृष्टीने मात्र तो निर्णायक आहे. रेव्हनने काय केले याची चौकशी होत नाही. ती कोणापासून जन्मली एवढेच पाहिले जाते. न्यायाचे नाव धारण करणाऱ्या संस्थेने जन्माच्या आधारे दार बंद करावे, ही विसंगती लेखकाने कोणतेही भाष्य न करता मांडली आहे. ज्या समाजात जन्मावरून माणसाची योग्यता ठरविण्याचा इतिहास दीर्घ आहे, त्या समाजातील वाचकाला या प्रसंगाचा अर्थ समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

या नकाराचा परिणामही लेखकाने प्रामाणिकपणे दाखविला आहे. दार बंद झालेली रेव्हन आडमार्गाने जाते. ती टायटन्सचा संघ जुळवून आणते, पण आपला खरा हेतू आरंभी सांगत नाही. किड फ्लॅशने संघात यावे म्हणून ती त्याच्या मनात स्वतःविषयी प्रेम निर्माण करते. म्हणजे ज्या संघाकडे पुढे एक कुटुंब म्हणून पाहिले गेले, त्याची पायाभरणी फसवणुकीवर झाली आहे. ही फसवणूक उघड झाल्यावर सदस्यांचा संताप होतो आणि तो रास्तही आहे. तरीही अखेरीस ते ट्रायगॉनविरुद्ध तिच्या बाजूने उभे राहतात. लीगचा नकार आणि टायटन्सचा स्वीकार यांतील फरक येथे लक्षात घ्यावा लागतो. लीगने तिला अपराधाविना नाकारले. टायटन्सनी तिला अपराधासह स्वीकारले.

एप्रिल १९८१ चा निर्देश असलेल्या सहाव्या अंकात हा पहिला संघर्ष संपतो. ट्रायगॉनचा नाश होत नाही. त्याला दोन विश्वांच्या दरम्यान कोंडले जाते आणि त्याच्यावर पहारा ठेवण्यासाठी अरेला मागे राहते. विजयाची किंमत मातेने मोजली आहे. ज्या स्त्रीची मुळात फसवणूक झाली, तिनेच त्या फसवणूक करणाऱ्याची आजन्म राखण करावी, हा शेवट विजयोत्सवाच्या आड झाकला जाणारा नाही.

संघच विकृत झाला तर?

१९८४ मध्ये या संघाची नवी मालिका चांगल्या प्रतीच्या कागदावर, केवळ चित्रकथांच्या खास दुकानांतून विकली जाऊ लागली. तिच्या पहिल्या पाच अंकांत ट्रायगॉन परत येतो. ही कथा पहिल्या कथेपेक्षा अधिक गडद आहे. अझारथ नष्ट होते. रेव्हन पित्याच्या पूर्ण अधीन जाते. टायटन्सना आपल्याच विकृत प्रतिरूपांना सामोरे जावे लागते आणि या कसोटीत ते टिकत नाहीत. ट्रायगॉनच्या प्रभावाखाली ते क्रूर बनतात आणि त्या अवस्थेत रेव्हनला ठार करतात. तिच्या मृत्यूनेच एक वाट मोकळी होते. अझारथच्या मृत रहिवाशांचे आत्मे तिच्या देहात प्रवेश करतात आणि तिच्या माध्यमातून ट्रायगॉनचा अंत घडवितात. रेव्हन पुन्हा उठते, पण संघाला सोडून अदृश्य होते.

या कथेचे बळ आणि तिची मर्यादा ही दोन्ही याच शेवटात सामावलेली आहेत. प्रथम बळाचा विचार करू. ट्रायगॉनच्या उत्पत्तीविषयी या मालिकेत असे सांगितले आहे की अझारथच्या लोकांनी स्वतःतून बाहेर टाकलेले दुष्टत्व त्याच्या जन्माच्या वेळी त्याच्यात साठले. शुद्ध राहण्यासाठी एका समाजाने आपली मलिनता सीमेबाहेर फेकली आणि सीमेबाहेर ती राक्षस होऊन वाढली. ही कल्पना अत्यंत अर्थपूर्ण आहे. अझारथची अहिंसा निर्दोष नाही. तिचा हिशेब दुसऱ्या कोणाच्या तरी खात्यावर मांडलेला आहे. त्यामुळे अखेरीस अझारथच्याच आत्म्यांनी ट्रायगॉनला संपवावे, यात एक कठोर न्याय आहे. ज्यांनी टाकले त्यांनीच उचलले पाहिजे.

दुसरे बळ म्हणजे संघाचे पतन दाखविण्याचे धैर्य. १९८४ मध्येच या मालिकेत टेरा या तरुण सदस्येची कथा पूर्ण झाली होती. संघाने आपली म्हणून स्वीकारलेली ही मुलगी शत्रूची हस्तक निघाली. विश्वास ठेवणे किती महाग पडू शकते हे वाचकाने नुकतेच अनुभवले होते. त्या पाठोपाठ आलेल्या ट्रायगॉन-कथेत बाजू उलटली आहे. येथे विश्वासघात संघाकडून होतो, तोही विश्वासास पात्र असलेल्या सदस्येचा. दुष्टत्व हे दानवाच्या रक्तातच असते, हा समज यामुळे खिळखिळा होतो. ज्यांच्या वंशात कोणताही दानव नाही, ते वीरही तेवढेच क्रूर होऊ शकतात.

मर्यादा मात्र गंभीर आहे. या निर्णायक क्षणी रेव्हनचे स्वतःचे कर्तृत्व कोठे आहे? पिता तिच्यात शिरतो तेव्हा ती त्याचे द्वार असते. अझारथचे आत्मे शिरतात तेव्हा ती त्यांचे शस्त्र असते. शिरणारा बदलला, परंतु तिचे ‘पात्र’ असणे बदलले नाही. ‘पात्र’ या शब्दाचे मराठीतील दोन्ही अर्थ येथे नेमके लागू पडतात. ती कथेतील व्यक्तिरेखा आहे आणि ती एक भांडेही आहे. तिच्या मुक्तीचा निर्णय तिच्या अनुपस्थितीत घेतला जातो.

या ठिकाणी आपल्या परंपरेतील दोन कथांची आठवण होणे स्वाभाविक आहे. त्यांचा उल्लेख साम्य सिद्ध करण्यासाठी केलेला नाही. भेद स्पष्ट व्हावा एवढाच हेतू आहे. महिषासुराच्या कथेत देवांचे तेज एकत्र येऊन देवी प्रकट होते. तेथेही अनेकांचे बळ एका स्त्रीरूपात एकवटते, परंतु रणांगणावर देवीची इच्छा आणि कृती तिची स्वतःची असते. प्रल्हादाच्या कथेत असुराचा पुत्र पित्याच्या विरोधात उभा राहतो. पित्याचा वध करण्यासाठी मात्र नरसिंह अवतरतो. पुत्राला हात उचलावा लागत नाही. रेव्हनसाठी असा अवतार येत नाही. तिच्या विश्वात ज्यांच्याकडून अवताराची अपेक्षा करावी, त्या लीगने तिला दारातूनच परत पाठविले आहे. म्हणून पित्याशी अंतिम सामना करण्याची जबाबदारी तिच्यावरच येते. १९८४ ची कथा ही जबाबदारी तिच्यावर टाकते, परंतु ती पार पाडण्याचा अधिकार तिला देत नाही.

सचेतपट-मालिका : निर्णयाचा अधिकार

कार्टून नेटवर्क वाहिनीवरील ‘टीन टायटन्स’ ही सचेतपट-मालिका २००३ मध्ये सुरू झाली. तिच्यात रॉबिन, स्टारफायर, सायबॉर्ग, बीस्ट बॉय आणि रेव्हन असे पाचच सदस्य आहेत. २००५ मध्ये प्रसारित झालेल्या चौथ्या पर्वाचे मध्यवर्ती कथानक रेव्हन व ट्रायगॉन यांचे आहे. लहान प्रेक्षकांसाठीच्या मालिकेत मृत्यू व क्रौर्य यांना मर्यादा असणार हे उघड आहे. परंतु या मर्यादेतूनच कथेला वेगळे वळण मिळाले आहे.

या कथानकातील एका भागाचे नाव ‘बर्थमार्क’, म्हणजे जन्मखूण असे आहे. रेव्हनच्या वाढदिवशी तिचे मित्र आनंदाचा बेत आखतात. तिच्या दृष्टीने मात्र तो दिवस भाकिताच्या पूर्ततेचा आरंभ असतो. तिच्या अंगावर लाल चिन्हे उमटतात. जन्मदिवस हा मित्रांसाठी साजरा करण्याचा आणि तिच्यासाठी लपविण्याचा दिवस आहे, या एका प्रसंगात मालिकेने आपला विषय नेमका पकडला आहे. जन्माचे दोन अर्थ समोरासमोर ठेवले आहेत. एका अर्थाने जन्म म्हणजे वंशाने लादलेली खूण. दुसऱ्या अर्थाने जन्म म्हणजे आपल्या माणसांना झालेला आनंद.

अखेरच्या तीन भागांत रेव्हन मित्रांना वाचविण्यासाठी स्वतःला भाकिताच्या स्वाधीन करते. तिच्यातून ट्रायगॉन पृथ्वीवर येतो आणि माणसे दगड होतात. तिने आपल्या शक्तीचा अंश मित्रांना दिलेला असल्याने तेवढे वाचतात. पुढे स्टारफायर, सायबॉर्ग आणि बीस्ट बॉय यांना आपल्या दुष्ट प्रतिरूपांशी लढावे लागते. रॉबिन पाताळसदृश प्रदेशात उतरून रेव्हनला शोधतो. ती त्याला सापडते ती स्मृती व शक्ती हरवलेल्या लहान मुलीच्या रूपात. येथे संघाच्या कार्याची व्याख्याच बदलते. रॉबिनजवळ अलौकिक शक्ती नाही. तो त्या मुलीला शस्त्र देत नाही, युद्धाची योजनाही सांगत नाही. तो तिला हाताशी धरून चालतो आणि तिच्यावरचा विश्वास सोडत नाही. मित्र हरत असताना ती मुलगी उभी राहते, मोठी होते आणि पित्याला संपविते. उत्पन्न करणारा आणि वाढविणारा हे एक नव्हेत, असा भेद ती त्या क्षणी करते. ज्यांनी वाढविले व जपले त्यांनाच ती आपले कुटुंब मानते. १९८४ मध्ये जे बळ बाहेरून तिच्यात शिरले होते, ते येथे तिच्या आतून उगवते.

या शेवटाची बीजे मालिकेने फार आधी पेरली होती. पहिल्या पर्वातील ‘नेव्हरमोर’ या भागात (२००३) रेव्हनच्या मनातील प्रत्येक भावना वेगवेगळ्या रंगाच्या वस्त्रात दिसते आणि तिचा क्रोध ट्रायगॉनचे रूप घेतो. त्या सर्व भावना एकत्र येतात तेव्हा तिचे वस्त्र पांढरे होते. हा तपशील अर्थनिर्णयासाठी महत्त्वाचा आहे. चित्रकथेतही ट्रायगॉनपासून मुक्त झालेली रेव्हन पुढे पांढऱ्या वेशात वावरते. तेथे पांढरा रंग मलिनता धुऊन निघाल्याची खूण आहे. म्हणजे जन्माचा डाग हा डागच होता, हे अप्रत्यक्षपणे मान्य केले जाते. मालिकेतील पांढरा रंग मात्र सर्व रंगांच्या एकत्रीकरणातून आलेला आहे. त्यात काहीही धुऊन टाकलेले नाही. क्रोधासह सर्व भावना सामावून घेतलेल्या आहेत. पुढील पर्वात ती पुन्हा आपल्या नेहमीच्या गडद निळ्या वेशात दिसते. तिला शुद्ध दिसत राहण्याची गरज उरलेली नाही. अझारथच्या समाजाने मलिनता बाहेर फेकून जे साधू पाहिले, त्याच्या नेमके उलट रेव्हनने साधले आहे.

असे असले तरी मालिकेचे रूप सर्वार्थाने सरस आहे असे म्हणणे योग्य होणार नाही. ट्रायगॉनच्या नाशाबरोबर दगड झालेली माणसे पूर्ववत होतात आणि जगाची हानी पुसली जाते. त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे टायटन्स येथे कोठेही ढळत नाहीत. त्यांची दुष्ट प्रतिरूपे त्यांच्या बाहेर उभी आहेत. प्रतिस्पर्ध्यांची अदलाबदल करून ती हरविताही येतात. चित्रकथेत प्रतिरूपांशी झालेली गाठ वीरांना आतून बिघडवीत होती. मालिकेत ती एक युद्धकोडे बनली आहे. रेव्हनचे कर्तृत्व तिला परत मिळाले, पण संघाच्या निरागसतेवरील प्रश्नचिन्ह काढून टाकण्याची किंमत देऊन. सदैव भल्याच माणसांनी ठेवलेला विश्वास आणि घात करू शकणाऱ्या, क्वचित केलेल्याही माणसांनी ठेवलेला विश्वास यांत दुसरा अधिक मोलाचा आहे. मालिका पहिल्यावर समाधान मानते.

पुनरागमनाचा प्रश्न

ट्रायगॉन त्यानंतरही परतत राहिला. २०१६ मधील ‘जस्टिस लीग व्हर्सेस टीन टायटन्स’ या सचेतपटात रेव्हन त्याला एका स्फटिकात कोंडते, तर २०१८ मध्ये सुरू झालेल्या ‘टायटन्स’ या मालिकेतही तो अवतरला. व्यापारी चित्रकथेत लोकप्रिय खलनायकाला कायमचे मरण नसते, हे याचे सरळ कारण आहे. परंतु या व्यापारी सक्तीतून एक अनपेक्षित अर्थ निर्माण झाला आहे. रेव्हनला आपण पित्याची केवळ छाया नाही, हे प्रत्येक पिढीच्या वाचकासमोर पुन्हा नव्याने सिद्ध करावे लागते. जन्मावरून घेतलेला संशय एकदा खोटा ठरल्याने संपत नाही. त्याचे पुरावे पुन्हा पुन्हा मागितले जातात. मालिकेच्या निर्मात्यांचा हा हेतू नसेल. तरीही संशयाखाली जगणाऱ्यांच्या अनुभवाशी ही पुनरावृत्ती जुळते, हे नाकारता येत नाही.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. ट्रायगॉनच्या कथेत संघाच्या शक्तींची बेरीज खलनायकाला हरविण्यास अपुरी ठरते. संघाचे खरे कार्य जन्मामुळे नाकारल्या गेलेल्या व्यक्तीला आपल्यात जागा देणे हे आहे.

२. जस्टिस लीगच्या नकाराचा प्रसंग हा संपूर्ण कथेचा नैतिक आरंभबिंदू आहे. रक्षणाचे काम करणारी संस्था जन्म पाहून निर्णय देते, तेव्हा ती ज्या संकटापासून रक्षण करावयाचे त्यालाच वाट मोकळी करून देते.

३. अझारथच्या कल्पनेतून दुष्टत्व बाहेर फेकून शुद्ध राहू पाहणाऱ्या समाजाची चिकित्सा घडते. चित्रकथेचे हे योगदान सचेतपट-मालिकेत विरळ झाले आहे.

४. १९८४ ची चित्रकथा संघाच्या पतनाचे सत्य सांगते, परंतु रेव्हनला साधन बनविते. २००५ चे पर्व रेव्हनला निर्णयाचा अधिकार देते, परंतु संघाला निष्कलंक ठेवते. या दोन्ही सत्यांना एकत्र पेलणारी संहिता या तिन्ही रूपांत आढळत नाही.

महानायकांच्या कथा वर्गात किंवा संशोधनात आणण्यायोग्य आहेत काय, हा प्रश्न आपल्या महाविद्यालयीन वर्तुळात अधूनमधून विचारला जातो. दाराशी आलेल्याला त्याच्या कुळावरून परत पाठवू नये, एवढे तरी ही कथा शिकविते. आणि वाङ्मयप्रकारांच्या बाबतीतही तो धडा तितकाच लागू आहे.